श्रीमंतांना चेहरा देणारा मुशाफिर

व्हिक्टोरियन युगाच्या अखेरच्या पर्वात लंडनमधील उमराव आणि धनिकांची व्यक्तिचित्रे रंगवून जॉन सिंगर सार्जंट याने अफाट कीर्ती आणि पैसा मिळविला. परंतु पैसे मोजणाऱ्या माणसाला त्याचे खरे रूप दाखवायचे की त्याला हवे असलेले, हा पेच त्याचा आयुष्यभर पाठलाग करीत राहिला. यशाच्या शिखरावर असताना त्याने व्यक्तिचित्रांकडे पाठ फिरविली, त्याचे मूळही याच पेचात दडले आहे.

सन १९०७. लंडनच्या चेल्सी भागातील टाइट स्ट्रीटवर असलेल्या एका स्टुडिओपुढे उंची बग्ग्यांची ये-जा अखंड सुरू होती. सरदारांच्या पत्नी, बँकांचे मालक, अमेरिकेतून आलेले गर्भश्रीमंत, असे सारेच त्या दारी ताटकळत. आत एक धिप्पाड, दाढीधारी, मितभाषी चित्रकार मोठमोठ्या कॅनव्हासवर कुंचला फिरवीत असे. पूर्ण उंचीच्या एका व्यक्तिचित्रासाठी तो सुमारे १००० गिनी घेई. इंग्लंडमधील कुशल कामगाराच्या कित्येक वर्षांच्या मजुरीएवढी ही रक्कम होती. तरीही मागणीला खंड नव्हता. जॉन सिंगर सार्जंटने आपले चित्र काढले नाही तर आपण प्रतिष्ठितांत मोडत नाही, अशी लंडनच्या उच्चभ्रू समाजाची जणू समजूत होऊन बसली होती.

आणि नेमक्या याच वेळी, वयाच्या ५१ व्या वर्षी, सार्जंटने यापुढे मागणीनुसार तैलरंगातील व्यक्तिचित्रे रंगवायची नाहीत, असे ठरवून टाकले. त्याच वर्षी ब्रिटनने त्याला सर हा किताब देऊ केला. आपण अमेरिकी नागरिक आहोत, या कारणास्तव त्याने तोही नम्रपणे नाकारला. गंमत अशी की, ज्या अमेरिकेचे नागरिकत्व त्याने इतक्या निष्ठेने जपले, त्या देशात त्याने वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पाऊलही ठेवले नव्हते.

विंचवाचे बिऱ्हाड

सार्जंटचा जन्म १२ जानेवारी १८५६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे झाला. वडील फिट्झविल्यम सार्जंट हे फिलाडेल्फियातील डोळ्यांचे शल्यविशारद. आई मेरी न्यूबोल्ड सिंगर हौशी जलरंगचित्रे काढीत असे. त्यांची पहिली मुलगी अवघी दोन वर्षांची होऊन वारली. त्या दुःखातून सावरण्यासाठी १८५४ मध्ये हे दांपत्य युरोपात आले, ते कायमचे परतलेच नाही. वडिलांनी वैद्यकी सोडली. उन्हाळा आला की डोंगरात, हिवाळा आला की समुद्रकाठी, असे ऋतुमानाप्रमाणे हे कुटुंब हिंडत राहिले. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी या देशांतील भाड्याच्या घरांत त्यांचे विंचवाचे बिऱ्हाड मांडले आणि मोडले जाई.

साहजिकच जॉनला सलग शालेय शिक्षण मिळाले नाही. त्याऐवजी त्याला चार भाषा अवगत झाल्या, पियानोवर हात बसला आणि संग्रहालयांतील थोर चित्रे त्याने बालपणीच डोळे भरून पाहिली. आईने त्याच्या हाती चित्रवही दिली आणि दिसेल ते टिपण्याची सवय लावली. धाकटी बहीण एमिली हिच्या पाठीच्या कण्यात लहानपणापासून व्यंग होते. ती पुढे अविवाहित राहिली, सार्जंटनेही लग्न केले नाही आणि या बहीणभावांचे मैत्र त्याच्या अखेरच्या रात्रीपर्यंत टिकले. ज्याला स्वतःचे गाव नव्हते, पिढीजात वाडा नव्हता, त्यानेच पुढे पिढीजात वाड्यांतील दिवाणखाने आणि त्यांतील माणसे अजरामर करावीत, हा नियतीचा विलक्षण खेळ म्हटला पाहिजे. बाहेरून आलेल्या माणसाची तटस्थ, शोधक नजर त्याला या भटकंतीनेच दिली.

पॅरिसमधील उमेदवारी

१८७४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सार्जंट पॅरिसमध्ये कारोलुस-ड्युरां या नामवंत चित्रकाराच्या चित्रशाळेत दाखल झाला. त्या काळी कलाशिक्षणात आधी काटेकोर रेखाटन, मग छायाप्रकाश आणि सर्वांत शेवटी रंग अशी पायरी-पायरीने जाणारी रीत रूढ होती. कारोलुस-ड्युरांची शिकवण वेगळी होती. विद्यार्थ्याने थेट भरलेला कुंचला उचलावा, रंगाच्या छटांचे परस्परांशी असलेले नाते अचूक ओळखावे आणि ओल्या रंगावरच ओला रंग देत चित्र पुढे न्यावे, यावर त्यांचा कटाक्ष होता. सतराव्या शतकातील स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ हे त्यांचे दैवत. सार्जंटने ही शिकवण इतक्या झपाट्याने आत्मसात केली की, पाच वर्षांतच त्याने गुरूंचेच व्यक्तिचित्र रंगवून सालाँ या पॅरिसमधील सर्वांत प्रतिष्ठेच्या वार्षिक प्रदर्शनात वाहवा मिळविली.

१८७९ मध्ये स्पेनला जाऊन त्याने वेलास्केझच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढच्या वर्षी हॉलंडमधील हार्लेम येथे फ्रान्स हाल्सच्या चित्रांचा अभ्यास केला. एकाकडून त्याने अंधारात विरघळणारा अवकाश घेतला आणि दुसऱ्याकडून कुंचल्याचा बेधडक फटकारा. स्पॅनिश नर्तकीचे भव्य चित्र ‘एल हालेओ’ आणि बोस्टनच्या एडवर्ड बॉइट यांच्या चार मुलींचे चित्र, ही दोन्ही १८८२ मधील. यांपैकी दुसऱ्या चित्रात मुली एकत्र बसलेल्या नाहीत. उंच जपानी फुलदाण्यांच्या सावलीत त्या विखुरलेल्या आहेत आणि त्यांतील एकीचा चेहरा तर नीट दिसतही नाही. कौटुंबिक चित्राच्या साऱ्या संकेतांना दिलेला हा सौम्य धक्का होता. मोठा धक्का अजून यायचा होता.

निसटलेली पट्टी

व्हर्जिनी गोत्रो ही मूळची न्यू ऑर्लिन्सची. एका धनाढ्य बँकमालकाशी विवाह करून ती पॅरिसच्या समाजात तळपत होती. तिचे सौंदर्य, पावडरीने पांढुरके दिसणारे अंग आणि तिच्याविषयीच्या कंड्या या तिन्हींची शहरभर चर्चा असे. हे चित्र तिने मागितले नव्हते. तिला रंगविण्याची ओढ सार्जंटलाच लागली होती आणि मध्यस्थांकरवी त्यानेच तिची मनधरणी केली. तिला एका जागी बसण्याचा कंटाळा. त्यामुळे असंख्य रेखाटने, वेगवेगळ्या मुद्रा आणि दीर्घ खटाटोप यांनंतर दोन मीटरहून उंच असे हे चित्र सिद्ध झाले. काळा रेशमी-मखमली पोशाख, वळवलेली मान, एका बाजूने दिसणारा गर्विष्ठ चेहरा आणि उजव्या खांद्यावरून खाली घसरलेली पोशाखाची रत्नजडित पट्टी.

१८८४ च्या सालाँमध्ये हे चित्र लागले आणि हलकल्लोळ माजला. चित्राच्या शीर्षकात नाव नव्हते, पण ही कोण, हे साऱ्या पॅरिसला ठाऊक होते. अंगावरचा रंग प्रेतासारखा आहे, पोशाख निर्लज्ज आहे, अशी टीका झाली. त्या एका घसरलेल्या पट्टीने पॅरिसला जो संताप आला, तो वस्तुतः फारसा चित्रावरचा नव्हताच. दागिन्यांनी आणि नखऱ्यांनी स्वतःला प्रदर्शनात मांडणारा तो समाज, चित्रकाराने त्याच प्रदर्शनाचे चित्र काढताच लाजला होता. गोत्रोच्या आईने सार्जंटकडे येऊन चित्र काढून घेण्याची विनवणी केली. आपण तिला जशी होती तशीच रंगविली आहे, असे सांगून त्याने ती मान्य केली नाही.

प्रदर्शन संपल्यावर मात्र त्याने ती पट्टी पुन्हा खांद्यावर रंगविली. हा लहानसा बदल फार बोलका आहे. या प्रसंगात तो आपल्या भूमिकेवर ठाम राहिला, पण त्याची किंमतही त्याला कळून चुकली. पॅरिसमधील मागणी आटली. ज्या चित्रासाठी कोणीही पैसे मोजले नव्हते, जे त्याने केवळ स्वतःच्या ओढीने केले होते, त्यानेच त्याचा व्यवसाय धोक्यात आणला. हे चित्र त्याने तीन दशके स्वतःजवळ ठेवले. गोत्रो १९१५ मध्ये वारल्यानंतर, १९१६ मध्ये त्याने ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकले आणि तिचे नाव न देण्याची विनंती केली. आपल्या हातून झालेले हे बहुधा सर्वोत्तम काम असावे, असे त्या वेळी त्याने संग्रहालयाला कळविले. आज ते ‘मादाम एक्स’ या नावाने जगभर ओळखले जाते.

लंडनमधील नवा डाव

कादंबरीकार हेन्री जेम्स हाही सार्जंटसारखाच युरोपात रुळलेला अमेरिकी. त्याच्या आग्रहामुळे सार्जंटने लंडनकडे मोर्चा वळविला आणि १८८६ मध्ये तो तेथे स्थायिक झाला. जेम्स व्हिसलर या चित्रकाराने पूर्वी वापरलेला टाइट स्ट्रीटवरील स्टुडिओ त्याने घेतला. परंतु इंग्रजांना त्याच्या चित्रांतील फ्रेंच वाऱ्याची धास्ती वाटे. व्हिकर्स घराण्यातील तीन बहिणींचे त्याचे चित्र १८८६ मध्ये रॉयल अकॅडमीत लागले, तेव्हा ‘पॉल मॉल गॅझेट’च्या वाचकांनी त्याला वर्षातील सर्वांत वाईट चित्र ठरविले.

इंग्रजांचे मन त्याने जिंकले ते व्यक्तिचित्राने नव्हे, तर एका बागेच्या चित्राने. वूस्टरशायरमधील ब्रॉडवे या खेड्यात १८८५ च्या शरदात त्याने ‘कार्नेशन, लिली, लिली, रोझ’ हे चित्र आरंभिले. चित्रकार फ्रेडरिक बर्नार्ड याच्या दोन लहान मुली संधिप्रकाशात कागदी कंदील लावत आहेत, एवढाच त्याचा विषय. पण तो जांभळट प्रकाश रोज सायंकाळी मोजकी काही मिनिटेच मिळे. सारी मंडळी टेनिस खेळत असत. नेमकी वेळ येताच सार्जंट खेळ टाकून कॅनव्हासकडे धावे आणि प्रकाश मावळताच थांबे. थंडी वाढली, फुले गेली, तेव्हा झुडपांवर कृत्रिम फुले बांधण्यात आली. दोन शरद ऋतू खर्ची पडल्यावर चित्र पूर्ण झाले. १८८७ मध्ये ते रॉयल अकॅडमीत लागले आणि लगोलग राष्ट्रीय संग्रहासाठी विकत घेतले गेले. आज ते लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे.

यानंतर अमेरिकेने त्याला उचलून धरले. १८८७-८८ च्या दौऱ्यात न्यूयॉर्क आणि बोस्टनमधील धनिकांनी त्याला भरपूर काम दिले. अभिनेत्री एलन टेरी हिला लेडी मॅकबेथच्या भूमिकेत त्याने १८८९ मध्ये रंगविले. तिच्या हिरव्या पोशाखावर भुंग्यांचे चमकणारे पंख शिवलेले होते. लंडनमध्ये खरा कळस गाठला तो लेडी ॲग्न्यूच्या चित्राने. आजारपणाने थकलेली ही तरुणी फुलाफुलांच्या खुर्चीत रेलून बसली आहे. अंगावर पांढरा पोशाख, कमरेला फिकट जांभळा पट्टा आणि नजर अशी की, पाहणाऱ्याचीच परीक्षा सुरू आहे असे वाटावे. १८९३ मध्ये हे चित्र प्रदर्शित झाले आणि ती व तिचा चित्रकार एकाच वेळी लंडनच्या चर्चेचा विषय झाले. १८९४ मध्ये तो रॉयल अकॅडमीचा सहसदस्य आणि १८९७ मध्ये पूर्ण सदस्य झाला.

स्टुडिओतील येरझारा

सार्जंटची काम करण्याची रीत पाहण्यासारखी होती. कॅनव्हास तो समोर बसलेल्या व्यक्तीच्या अगदी शेजारी उभा करी. मग बरेच अंतर मागे जाऊन माणूस आणि चित्र एकाच नजरेत पाही, काय करायचे ते मनाशी ठरवी, झपाझप पुढे येऊन एक-दोन फटकारे मारी आणि पुन्हा मागे जाई. अशा येरझारा दिवसभर चालत. म्हणूनच जवळून पाहता नुसते रंगाचे ओरखडे वाटणारे त्याचे फटकारे चार पावले मागे सरकताच मोत्यांची माळ, साटिनची चमक किंवा ओठांच्या कडेचे हसू होऊन जातात.

ही सफाई वरवर सहज दिसे, पण तिच्यामागे निष्ठुर शिस्त होती. चेहरा मनासारखा उतरला नाही, तर तो डागडुजी करीत बसत नसे. सारा रंग खरवडून टाकून तो पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी. काम अडले की पियानोवर जाऊन बसे. कोणी काय परिधान करावे, हेही बहुधा तोच ठरवी. वस्त्र ओढून-ताणून, टाचून, उलटसुलट गुंडाळून तो त्याला हवा तो आकार देई. घेणाऱ्याला वाटे, चित्रकार आपला पोशाख रंगवीत आहे. प्रत्यक्षात तो त्या पोशाखाचा उपयोग माणसाचा स्वभाव उलगडण्यासाठी करीत असे. त्यामुळे त्याच्यासमोर बसणाऱ्यांच्या मनात धाकधूकही असे. या माणसाला आपल्यातले नको ते दिसेल, अशी ती भीती होती.

उमराव आणि नवश्रीमंत

१८९९ मध्ये रंगविलेल्या विंडम भगिनींच्या चित्रात इंग्रज उमरावशाही पूर्ण तेजाने प्रकटली आहे. पांढऱ्या पोशाखांतील तिघी बहिणी एका सोफ्यावर तरंगल्यासारख्या बसल्या आहेत आणि त्यांच्यामागे भिंतीवर आईचे जुने चित्र अंधुक दिसते आहे. प्रिन्स ऑफ वेल्सने या तिघींना ग्रीक पुराणातील तीन सौंदर्यदेवतांची उपमा दिली आणि चित्र त्या नावानेच गाजले.

मात्र सार्जंटचे मन जितके या घराण्यांत रमले, त्याहून अधिक ते ॲशर वर्थहायमर याच्या कुटुंबात रमले. वर्थहायमर हा लंडनच्या बाँड स्ट्रीटवरील यशस्वी ज्यू कलाव्यापारी. १८९८ मध्ये विवाहाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त त्याने स्वतःचे आणि पत्नीचे चित्र करवून घेतले आणि पुढील दशकात कुटुंबाची एकूण बारा चित्रे झाली. हातात सिगार, शेजारी काळा कुत्रा आणि डोळ्यांत मिश्कील हुशारी, असा वर्थहायमर पाहून काहींना सार्जंटने त्याची टिंगल केली आहे असे वाटले. खरे पाहता ती टिंगल पाहणाऱ्यांच्या पूर्वग्रहात होती. वर्थहायमरने यांपैकी दहा चित्रे राष्ट्राला देण्याची इच्छा नोंदवून ठेवली होती. ती नॅशनल गॅलरीत लागली, तेव्हा १९२३ मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावरून नापसंतीचे सूर उमटले. जुन्या उमरावांच्या भिंतींवर शोभणारी कला ज्यू व्यापाऱ्याच्या कुटुंबासाठीही तितक्याच सन्मानाने वापरली गेली, हे अनेकांना रुचले नव्हते.

मुंबईशी नाते सांगणारे ससून घराणेही सार्जंटच्या याच वर्तुळातले. बगदादहून मुंबईत येऊन व्यापार वाढविणारे डेव्हिड ससून, त्यांचे पुत्र अल्बर्ट ससून आणि त्यांनी कुलाब्यात बांधलेली ससून गोदी मुंबईकरांना परिचित आहे. अल्बर्ट यांचे पुत्र सर एडवर्ड यांचा जन्म मुंबईचाच, आणि तोही सार्जंटच्याच जन्मवर्षातला, १८५६ चा. त्यांची पत्नी लेडी ससून हिचे सार्जंटने १९०७ मध्ये काढलेले व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. काळ्या झग्याची गुलाबी अस्तराची किनार त्याने अशी वळवून घेतली आहे की, ती एका ज्योतीसारखी चित्रभर फिरते. तिची मुलगी सिबिल हिला त्याने १९१३ मध्ये लग्नाची भेट म्हणून व्यक्तिचित्र दिले, तर मुलगा फिलिप याचे चित्र १९२३ मध्ये रंगविले. मुंबईच्या काळा घोडा परिसराला ज्याच्या अश्वारूढ पुतळ्यावरून नाव मिळाले, तो प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. तो पुतळा अल्बर्ट ससून यांनीच शहराला दिला होता. याच एडवर्डच्या राज्याभिषेकाचे चित्र रंगविण्यास सार्जंटने नकार दिला. १९१० मध्ये राजाचे निधन झाले, तेव्हा मात्र त्याला पाचारण करण्यात आले आणि मृत्युशय्येवरील राजाचे रेखाचित्र त्याने काढले.

मुक्तीचा मार्ग

व्यक्तिचित्रांचा त्याला आलेला उबग एका दिवसाचा नव्हता. नाक थोडे लहान करा, ओठांकडे काहीतरी बिनसले आहे, अशा घरच्यांच्या सूचना ऐकून तो विटला होता. पूर्ण उंचीच्या चित्रांऐवजी आता तो फार आग्रह झाल्यास कोळशाने चेहरा रेखाटून देई. दोन-तीन तासांत, एकाच बैठकीत काम संपे. अशी शेकडो रेखाचित्रे त्याने केली. उरलेला वेळ त्याने आपल्या आवडीच्या दोन कामांना दिला. एक, बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयातील भित्तिचित्रे. १८९० पासून १९१९ पर्यंत तो त्यांत गुंतलेला होता आणि धर्मांच्या इतिहासावरील ही चित्रेच आपली खरी कमाई ठरेल, असे त्याला वाटे. दुसरे, भटकंतीतील जलरंग.

आल्प्स पर्वतातील ओढे, व्हेनिसमधील नावेतून दिसणारे पाण्याच्या पातळीवरचे वाडे, कर्रारा येथील संगमरवराच्या खाणी, पॅलेस्टाइनमधील बदाऊनी लोक हे सारे त्याने झपाट्याने टिपले. एमिली, धाकटी बहीण व्हायोलेट, भाच्या आणि काही मित्र असा गोतावळा सोबत असे. १९०८ च्या सुमारास त्याने ‘कॅशमिअर’ हे तैलचित्र केले. त्यात काश्मिरी शालीत गुंडाळलेल्या सात मुली एका रांगेत चालताना दिसतात. प्रत्यक्षात मात्र एकच भाची, रेन, सात वेगवेगळ्या मुद्रांत उभी राहिली होती. इथे कोणाची खुशामत करायची नव्हती. जलरंगचित्रे तो एरवी विकत नसे. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने त्याची ८३ जलरंगचित्रे एकगठ्ठा विकत घेतली, तेव्हा या कामाकडे लोकांचे प्रथमच नीट लक्ष गेले.

डोळ्यांवर पट्ट्या

१९१४ चे वर्ष अनेक अर्थांनी कडवट निघाले. आदल्या वर्षी, सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, मित्रांच्या वतीने रंगविलेले हेन्री जेम्सचे चित्र रॉयल अकॅडमीत लागले होते. महिलांना मताधिकार मिळावा म्हणून लढणाऱ्या एका स्त्रीने त्यावर सुऱ्याचे वार केले. चित्र दुरुस्त झाले. पण उन्हाळ्यात महायुद्ध पेटले, ते सार्जंटच्या घरापर्यंत पोचले. त्याची लाडकी भाची रोझ-मारी हिचा पती त्याच वर्षी रणांगणावर मारला गेला. १९१८ मध्ये गुड फ्रायडेच्या दिवशी पॅरिसमधील सें-जेर्व्हे चर्चवर जर्मन तोफगोळा पडला आणि प्रार्थनेसाठी गेलेली रोझ-मारीही ठार झाली. आळसावून सोफ्यावर पहुडलेली ही मुलगी सार्जंटच्या १९११ मधील ‘नॉनशालवार’ या चित्रात आजही दिसते.

त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्याला युद्धस्मारकासाठी चित्र काढण्यास पाचारण केले. वयाच्या ६२ व्या वर्षी तो फ्रान्समधील आघाडीवर गेला. ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्याचे सहकार्य दाखवावे, ही मूळ अपेक्षा. परंतु ऑगस्टमध्ये त्याने एका उपचार केंद्राजवळ मस्टर्ड वायूने डोळे गमावलेल्या सैनिकांच्या रांगा पाहिल्या. त्यातून सहा मीटरहून अधिक रुंद असे ‘गॅस्ड’ हे चित्र १९१९ मध्ये जन्माला आले. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले तरुण एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चाचपडत चालले आहेत. पायाशी अनेक जखमी पडले आहेत आणि दूरवर, त्यांना न दिसणाऱ्या मैदानात, कोणीतरी फुटबॉल खेळत आहे. विंडम भगिनींच्या रेशमावर फिरलेला कुंचला इथे माखलेल्या गणवेशांवर फिरला. लंडनच्या इम्पिरिअल वॉर म्युझियममधील हे चित्र पाहताना, हा माणूस निव्वळ धनिकांचा खुशमस्कऱ्या होता, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

अमेरिकेतील अखेरच्या कामांतही एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील भित्तिचित्रांसाठी त्याने थॉमस मॅकेलर या हॉटेलात लिफ्ट चालविणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाला मॉडेल म्हणून उभे केले. अपोलोसह अनेक देवतांची शरीरे मॅकेलरची आहेत, पण छतावर चढताना त्यांचे चेहरे गोऱ्यांचे झाले. सार्जंटने मॅकेलरचे एक स्वतंत्र तैलचित्रही केले. ते त्याने प्रदर्शनात मांडले नाही, स्वतःजवळच ठेवले. मागणीपोटी रंगविलेले सत्य आणि खाजगीत रंगविलेले सत्य यांतील दरी इथेही कायम राहिली. बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयाने २०२० मध्ये प्रदर्शन भरवून मॅकेलरला त्याचे नाव आणि चेहरा परत दिला.

विस्मृती आणि पुनरागमन

एप्रिल १९२५ मध्ये सार्जंट बोस्टनला निघण्याच्या तयारीत होता. एमिलीने निरोपाचे जेवण दिले. रात्री घरी परतून तो अंथरुणात वाचत पडला आणि १५ एप्रिलच्या पहाटे झोपेतच त्याचे प्राण गेले. सुमारे ९०० तैलचित्रे आणि २००० हून अधिक जलरंगचित्रे मागे ठेवून तो गेला. सरे परगण्यातील ब्रुकवुड दफनभूमीत तो विसावला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये स्मरणसभा झाली.

पण काळाचे चाक फिरले होते. पिकासो आणि मातीस यांच्या नव्या कलेपुढे सार्जंट जुनाट वाटू लागला. समीक्षक रॉजर फ्राय याने तर त्याला कलावंतच मानण्यास नकार दिला. कसब आहे, पण दृष्टी नाही, असा एकंदर निवाडा झाला. जो समाज त्याने रंगविला, तो महायुद्धात बुडाला होता आणि त्या समाजासोबत त्याचा चित्रकारही बुडाला, असे मानले गेले. पुढे अनेक दशकांनी हा निवाडा हळूहळू बदलला. अभ्यासक रिचर्ड ऑर्मंड आणि इलेन किलमरी यांनी त्याच्या चित्रांची नऊ खंडांची समग्र सूची २०१६ मध्ये पूर्ण केली. २०२३-२४ मध्ये बोस्टन आणि लंडन येथे त्याच्या चित्रांतील वेशभूषेवर, तर २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्या पॅरिसमधील दिवसांवर मोठी प्रदर्शने भरली. ज्या शहराने ‘मादाम एक्स’ची छीथू केली होती, त्या पॅरिसमध्येही त्याच वर्षी हे चित्र सन्मानाने परतले.

त्याच्यासमोर बसलेल्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाच्या लक्षात नाहीत. त्यांच्या पदव्या, मालमत्ता, मेजवान्या सारे विरले. उरली ती लेडी ॲग्न्यूची थकलेली पण आव्हान देणारी नजर, वर्थहायमरचे मिश्कील डोळे आणि आंधळ्या सैनिकाचा पुढच्याच्या खांद्यावर टेकलेला हात. १००० गिनी मोजून त्या माणसांनी आपली प्रतिष्ठा विकत घेतली, असे त्यांना वाटले. सार्जंटने त्यांना दिले मात्र काही वेगळेच. त्याने त्यांना प्रतिष्ठेच्या आत दडलेले माणूसपण दिले, आणि शतक उलटून गेल्यावर तेवढेच टिकले आहे.